भावापुरता अपवाद

त्या सोमवारी सकाळी सात वाजता लॅबच्या बाकांवर एकेचाळीस माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला बसली होती, आणि आतल्या एकूण एक कॉम्प्युटरवर तोच काळा पडदा आणि तेच चार ओळींचं पत्र होतं. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. त्यांची एक प्रत आमच्याकडे आहे. बोलणी करायची तर या पत्त्यावर लिहा. चौथ्या ओळीत मुदत होती, पंधरा दिवसांची.

मॅडमनी ते पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं. लॅब त्यांची. बावीस वर्षांपूर्वी एका खोलीत एका मायक्रोस्कोपवर त्यांनी ती सुरू केली होती. आता मुख्य लॅब तीन मजली होती आणि गावभर रक्त गोळा करणारी सहा केंद्रं होती. काचपट्टीवरच्या पेशी पाहून माणसाच्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते त्या सांगायच्या. त्यात त्यांची चूक क्वचितच निघे. कॉम्प्युटरचं मात्र त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि कळत नाही हे सांगण्याची लाजही वाटत नसे. "माझं काम रक्ताचं, तारांचं नाही," असं त्या हसत हसत म्हणायच्या.

तारांचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे तारबाबूच म्हणत. पन्नाशीचा, किडकिडीत, बोलायला लागला की समोरच्याला कान पुढे करावे लागतील अशा आवाजाचा माणूस. मॅडम पोचण्याआधीच त्यानं सगळ्या मशीनच्या तारा उपटून काढल्या होत्या आणि तो सर्व्हरच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसला होता.

"किती गेलं?" मॅडमनी दारातूनच विचारलं.

"चालू मशीनवरचं सगळं. पण शनिवारपर्यंतची प्रत मी वेगळ्या कपाटात ठेवलीय. तिला कुठलीच तार जात नाही. चार दिवस द्या, उभं करतो."

"आणि त्यांच्याकडे प्रत आहे म्हणतात, त्याचं काय?"

तारबाबूनं मान वर केली नाही. "ते खरं असेल तर माझ्याकडे त्यावर उपाय नाही, मॅडम. कुणाकडेच नाही."

बाहेरची एकेचाळीस माणसं सांभाळली ती सुईमावशीनं. चौदा वर्षं ती या लॅबमध्ये रक्त काढत होती. तिचा हात इतका हलका की सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली ते कळायचं नाही. रडकी पोरंसुद्धा "सुईमावशीच पाहिजे" म्हणून हटून बसायची. तिनं मशीनच्या लेबलांची वाट पाहिली नाही. कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यावर हातानं नाव आणि नंबर लिहिला, जांभळ्या झाकणाची, लाल झाकणाची, राखी झाकणाची नळी वेगवेगळ्या खोक्यांत लावली आणि नऊच्या आत सगळ्यांना नाश्त्याला मोकळं केलं. "यंत्रं झोपलीत, आम्ही जागे आहोत," असं ती प्रत्येकाला सांगत होती.

चार दिवस लॅब हातावर चालली. मॅडम स्वतः आकडे कागदावर लिहून सही करत होत्या. पोलिसांत तक्रार दिली. चोरांना उत्तर द्यायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं आणि त्यावर त्या ठाम राहिल्या. त्यांच्या वागण्यात कुठे डगमग नव्हती. फक्त रोज वीसेक डॉक्टर फोन करून एकच प्रश्न विचारत होते, हे झालं कुणामुळे? आणि त्या प्रश्नाला द्यायला त्यांच्याकडे नाव नव्हतं.

नाव त्यांच्या धाकट्या भावानं पुरवलं.

भाऊ केंद्रांचं काम बघायचा. सदा फिरतीवर, सदा फोनवर, गोडबोल्या. ताईपेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि ताईनंच त्याला वाढवलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तारबाबूनं शब्द पाळला, पहिला छापील रिपोर्ट मशीनमधून बाहेर आला. पाचव्या दिवशी सकाळी भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, पहारेकरी जागेवर असताना घरफोडी होते, तेव्हा जाब पहारेकऱ्यालाच विचारतात."

मॅडमनी तारबाबूकडे पाहिलं. "बाहेरून आत यायचं जे काही दार असतं, त्याची जबाबदारी कुणाची?"

"माझी," तारबाबू म्हणाला. "पण मॅडम, ते नेमके कुठून आले ते मला बघू द्या. नोंदी तपासायच्यात. दोन दिवस लागतील."

"दोन दिवसांत नोंदी पुसून होतील," भाऊ म्हणाला.

तारबाबूनं एकदा भावाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, असं मॅडमना नंतर नेहमी वाटत राहिलं. त्या क्षणी त्यांना एवढंच दिसलं की वीस डॉक्टरांना द्यायला आता उत्तर मिळालंय. त्यांनी त्याला कामावरून काढल्याचं पत्र टाइप करायला सांगितलं आणि सही केली. तारबाबूनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "सगळ्यांचे पासवर्ड आजच बदला," तो म्हणाला. "माझं खातं आधी बंद करा. गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवू नये." सुईमावशी त्याला दारापर्यंत सोडायला गेली. बाकी कुणी जागचं हललं नाही.

मुदत संपली त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबचे सदतीस हजार रिपोर्ट इंटरनेटवर कुणालाही बघता येतील असे टांगले गेले. नाव, वय, फोन नंबर, निदान. आणि मग चोरांनाही सुचलं नसतं ते गावातल्याच कुणीतरी केलं. ज्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडलाय अशा माणसांची नावं त्यातून निवडून एक यादी बनवली. ती संध्याकाळपर्यंत या फोनवरून त्या फोनवर फिरली. यादीत त्रेपन्न नावं होती. एकोणिसावं सुईमावशीचं.

सात वर्षांपूर्वी एका पेशंटनं हात झटकला होता आणि त्याच्या रक्तानं भरलेली सुई तिच्या बोटात घुसली होती. तिनं ते सांगितलं पाचव्या दिवशी. नोकरी जाईल या भीतीनं चार दिवस ती गप्प बसली, आणि ज्या गोळ्यांनी टळलं असतं त्या घ्यायची वेळ त्या चार दिवसांत निघून गेली. मॅडमनी तिला उपचाराला लावलं. औषधं इतकी नेमानं घेतली तिनं, की पुढं तपासणीत विषाणू सापडेनासा झाला. तिच्या हातून कुणाला काही होण्याची शक्यताच उरली नव्हती. औषधं देणारा दवाखाना सोडला तर हे माहीत होतं फक्त तिघांना. मॅडम, ती आणि तिचा नवरा, आणि नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. दर सहा महिन्यांनी मॅडम स्वतः तिचं रक्त मशीनला लावायच्या. "हे तुझ्यामाझ्यात राहील," असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

यादी फिरली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी कामाला आली. पहिल्या माणसानं वर केलेली बाही खाली घेतली आणि म्हणाला, "तुमच्या हातून नको." दुसऱ्या बाईनं आपल्या मुलीला उचललं आणि आरडाओरडा सुरू केला, की गेल्या वर्षभरात हिनं माझ्या पोरीला चारदा सुई टोचलीय. रांग मोडली. कुणीतरी नळ्यांचा ट्रे भिरकावला. सुईमावशीनं हातमोजे काढले, घडी करून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

दुपारी तिचा मुलगा आला. बस चालवायचा, गणवेशातच होता. "मॅडम, आईचं खरं आहे का?"

"ते तुझ्या आईला विचार," मॅडम म्हणाल्या.

"विचारलं. ती बोलतच नाही. घरात दीड वर्षाचं पोर आहे, मॅडम. तिच्याच ताटात जेवतं ते."

"त्यानं काही होत नाही. तसं कुणालाच काही होत नाही रे," मॅडम घाईनं म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण उत्तर देऊन बसलो. मुलगा निघून गेला.

भाऊ म्हणाला, "काही दिवस तिला घरीच राहू दे. लोक शांत होईपर्यंत." मॅडमनी सुईमावशीला तसा निरोप पाठवला. स्वतः सांगायला गेल्या नाहीत.

तपासाला बाहेरून एक बाई बोलावली होती. तिशीची, रोखठोक, हातात कायम पाण्याची बाटली. सहा दिवस ती नोंदी चाळत बसली आणि सातव्या दिवशी मॅडमच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

"दार फोडलं नाही कुणी. किल्लीनं उघडून आले," ती म्हणाली. "तुमचं व्हीपीएन शाबूत आहे. त्या सोमवारच्या बारा दिवस आधी, बुधवारी दुपारी चार वाजता तुमच्या भावाचं नाव आणि पासवर्ड वापरून कुणीतरी आत आलं. तिथून अकरा दिवस रोज येत होतं. सावकाश, एकेक कप्पा उघडत."

"पण ते कोड येतात ना फोनवर? तारबाबूनं सगळ्यांना लावले होते. मलासुद्धा."

"सगळ्यांना. एक खातं सोडून." तिनं एक कागद टेबलावर सरकवला. "आणि बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या कामापुरतंच दिसतं. या एका खात्याला सगळं उघडं होतं. केंद्रांचं काम बघणाऱ्या माणसाला पेशंटचे रिपोर्ट कशाला लागतात, हे मला कळलं नाही."

कागदावर दोन वाक्यं होती. या खात्याला दुसऱ्या कोडची अट लावू नये. या खात्याला सर्व विभाग उघडे ठेवावेत. खाली मॅडमची सही होती.

मॅडमना आठवलं. वर्षापूर्वी भाऊ कुठल्याशा हॉटेलात होता, फोनला रेंज नव्हती, कोड येत नव्हता, आणि लँडलाइनवरून त्यानं ताईला असं झाडलं होतं की जणू तीच त्याला घराबाहेर ठेवून बसलीय. मॅडमनी तारबाबूला बोलावून सांगितलं, "घरच्या माणसाची कसली झडती घेता?" तारबाबू अर्धा तास काहीबाही समजावत राहिला. शेवटी म्हणाला, "तोंडी नको, मॅडम. लिहून द्या." त्या चिडल्या होत्या. माझ्याच लॅबमध्ये माझ्याकडून लेखी मागतो! कागद न वाचता त्यांनी सही ठोकली होती.

भावाला त्यांनी घरी बोलावलं. तो सोफ्यावर बसला आणि कागद पाहून त्याच्या चेहऱ्यावरचं गोड हसू उतरलं.

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"दिला नाही गं. मेल आली होती, व्हीपीएनची मुदत संपतेय, पुन्हा लॉगिन करा म्हणून. पान हुबेहूब आपल्यासारखंच होतं. मी टाकलं नाव, पासवर्ड. मग पान कोरंच झालं."

"तेव्हा काही वाटलं नाही?"

भावानं नखांकडे पाहिलं. "वाटलं. पण तारबाबूला सांगितलं असतं तर त्यानं तो कोड परत माझ्या डोक्यावर बसवला असता. म्हटलं, कशाला."

"म्हणजे त्याला काढलं तेव्हा तुला माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, आणि तू शेजारी उभा होतास."

"मी उभा होतो," भाऊ म्हणाला. "सही तू केलीस, ताई. दोन्ही कागदांवर."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच मॅडमना ते सहन झालं नाही. "जा तू," एवढंच त्या म्हणाल्या. तो गेला. त्यानंतर त्यानं लॅबमध्ये पाऊल ठेवलं नाही.

तारबाबूचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि मॅडमना ओळखून ती आत निघून गेली. तारबाबू खिडकीशी कुणाचासा पंखा दुरुस्त करत बसला होता. त्यानं खुर्ची पुढे केली.

"मी चुकले," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी जिन्यात घोकलं होतं.

"हो," तारबाबू म्हणाला.

"मला आता समजून घ्यायचंय. व्हीपीएन म्हणजे नक्की काय? मी आजवर कधी विचारलंच नाही."

"मी लिहून दिलं होतं, मॅडम. तीन पानं. मालकांनी काय ठरवायचं, असंच नाव दिलं होतं वर."

"वाचली नाहीत मी."

त्यानं पेचकस खाली ठेवला. सवयच होती त्याला समजावून सांगायची. "केंद्रांतून, घरांतून लॅबपर्यंत जी माहिती येते ती भर रस्त्यानं येते. रस्त्यावर कुणीही बघू शकतं. म्हणून त्या रस्त्याखालून एक भुयार काढायचं. त्यातून काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. ते भुयार म्हणजे व्हीपीएन. एवढं काम ते चोख करतं. पण तोंडाशी किल्ली घेऊन आलेला माणूस खरा की खोटा, हे भुयाराला कळत नाही. म्हणून तोंडाशी दुसरी खूण विचारायची, तो कोड. आणि भुयार घराच्या दिवाणखान्यात उघडू द्यायचं नाही. ज्याला जी खोली लागते त्या खोलीतच उघडायचं. हे मी करू शकतो. पण कुणाला कुठली खोली, आणि खूण कुणाला माफ, हे मी नाही ठरवू शकत. ते मालक ठरवतो."

"मला वाटायचं, व्हीपीएन घेतलंय म्हणजे आपण सुरक्षित."

"सगळ्याच मालकांना वाटतं तसं."

"मग त्या दिवशी का नाही बोललात? तो कागद होता तुमच्याकडे. सगळ्यांसमोर दाखवायचा होता."

"तुमच्या माणसांसमोर तुमची सही काढून दाखवू?" तारबाबू म्हणाला. "नोंदी बघून खात्री झाली असती तर बंद खोलीत दाखवली असती. तुम्ही दोन दिवस दिले नाहीत."

मॅडमनी त्याला परत यायला सांगितलं. हवा तो पगार, हवा तो अधिकार. त्यानं शांतपणे नकार दिला. गावभर त्याचं नाव झालं होतं, लॅब बुडवणारा म्हणून; तीन ठिकाणी मुलाखतीआधीच दार बंद झालं होतं. "तेवढं नाव धुऊन द्या, जमलं तर," तो म्हणाला. "आणि सुईमावशीकडे जाऊन आलात का?"

मॅडम गेल्या नव्हत्या. तिथून थेट गेल्या.

सुईमावशीचं दार अर्धवट उघडंच होतं. खोलीत सामान विस्कटलेलं होतं. सून बाळाला घेऊन माहेरी गेली होती, मुलगाही तिच्या मागोमाग. जाताना त्यांनी पाळणा नेला होता; भिंतीवर त्याच्या दोरीचे काळे वण तेवढे राहिले होते. सुईमावशी बॅग भरत होती.

"बस, मावशी, जरा बोलू," मॅडम म्हणाल्या.

"बोला. मी ऐकतेय." तिचे हात थांबले नाहीत.

मॅडमनी सगळं सांगितलं. भाऊ, कोड, सही, तारबाबू. काही लपवलं नाही. मग म्हणाल्या, "मी उद्या सगळ्यांना गोळा करून सांगते, की तुझ्यापासून कुणाला काडीचाही धोका नव्हता. तुझे सात वर्षांचे रिपोर्ट माझ्याकडे आहेत. मी डॉक्टर आहे, माझं ऐकतील."

सुईमावशीनं एक साडी घडी करून बॅगेत ठेवली. "माझे रिपोर्ट आणखी किती लोकांना दाखवायचेत तुम्हाला?"

तिनं दुसरी साडी घडी करायला घेतली.

"तुम्ही म्हणाला होतात, तुझ्यामाझ्यात राहील. मी नवऱ्याला सोडून कुणाला सांगितलं नाही. पोटच्या पोराला नाही सांगितलं. माझ्या बाजूनं नाही फुटलं ते." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्याबद्दल एक अक्षर बोलू नका. सांगायचंच असलं तर तुमचं तुम्ही सांगा."

"कुठे चाललीस?"

"जिथं मला कुणी मावशी म्हणत नाही तिथं."

मॅडमनी मग आपलं आपण सांगितलं. लॅबच्या दारावर त्यांनी एक कागद लावला, स्वतःच्या अक्षरात. चोर माझ्या भावाच्या खात्यातून आले. त्या खात्यावरचा पहारा मी माझ्या सहीनं उठवला. ज्यानं मला सावध केलं होतं त्यालाच मी कामावरून काढलं. त्याचा यात काही दोष नव्हता. त्याच मजकुराची पत्रं वीसही डॉक्टरांना गेली. वकिलानं डोक्याला हात लावला, म्हणाला, हे तुमच्याविरुद्ध वापरतील. वापरलंही. खटले उभे राहिले, सहापैकी चार केंद्रं बंद झाली. तारबाबूला एका शाळेत काम मिळालं. नवा माणूस आला, त्यानं मांडलेल्या प्रत्येक कागदावर मॅडम तासन्‌तास प्रश्न विचारायच्या, कधी कधी तो कंटाळून जाईपर्यंत. त्रेपन्नांपैकी एका तरुणानं विहिरीत उडी घेतली. त्याच्या घरच्यांनी मॅडमना दारात उभं केलं नाही.

सुईमावशीचा पत्ता लागला नाही. मुलानं फोन उचलणं बंद केलं होतं. वर्षभरानं मॅडमना राहवेना. ज्या दवाखान्यातून तिला औषधं मिळायची, तिथं त्यांनी फोन लावला. आपण कोण ते सांगितलं आणि एवढंच विचारलं, की ती अजून गोळ्या घेते का, दुसऱ्या गावी नाव लावून घेतलंय का.

पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, "माफ करा डॉक्टर, पेशंटची माहिती आम्ही दुसऱ्या कुणालाही देत नाही."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.